उलटा चार

कुरिअरवाला आला तेव्हा मी
ट्रॉलीच्या फाळक्यावर हिरव्या रंगात पोपट काढत होतो.
एवढंच उरलंय हाती. पाट्या सगळ्या फ्लेक्सनं नेल्या.
संबोधीनं खोका दातानंच फाडला.
आत तीन बॉडी, पाण्यासारख्या आरपार,
द्रोण ठेवतात तशा एकात एक.

“डोमाकाका, यातली एक रंगवाची. सांगा कोणती.”

पहिलीला बोनेट होतं, डिकी होती,
दरवाजे जिथं असावेत तिथंच होते.
घाटंजीत पहिला एमबीबीएस आला
तो असल्याच गाडीतून उतरला होता.
मी म्हटलं, ही.

“हे शोकेसची हाय काका.
हवा हिच्या काचेवर आदळते अन् तिथंच बसते.”

दुसरीचं नाक भुईला हुंगत होतं.
ही वळते झटकन, पण मागचा भाग सोडून देते.
मागल्या रविवारी कुणा आर्णीच्या पोराची अशीच
तिसऱ्या वळणाला दोनदा गिरकी खाऊन
सरकीच्या पोत्यांत शिरली.

राहिली तिसरी.
तिसरी म्हणजे बेडूक, कोणाच्या तरी पायाखाली आलेला.
काच पार नाकापर्यंत ओढलेली, पाठ सुपाएवढी,
शेपटावर आडवी फळी.

“हिले कोण गाडी म्हणते?”
“म्हणाले नाही काका. वळाले पायजे.”

मग वजन.
झाड्यांच्या काट्यावर, काचेच्या पेटीत, हवा लागू न देता.
सोनारानं चष्मा वर केला: “सात तोळे. मजुरी किती लावू?”
ती म्हणाली, रंग एकच हात द्या, पातळ.
मी आयुष्यभर तीन हात दिले.
तिसऱ्या हाताशिवाय पोपटाला जीव येत नाही.

आणि रंग आतून.
आधी लिहायची अक्षरं, मग पट्टे, पार्श्वभूमी शेवटी.
चाळीस वर्षं जे सगळ्यात शेवटी केलं
ते सगळ्यात आधी, आणि तेही उलटं.
नंबर तिनं चार घेतला,
“सोपा हाय, उलटा लिवला तरी चारच दिसते.”
नावाला मात्र घाम फुटला.
‘धी’ची वेलांटी धीच्या पुढून मागं,
‘सं’वरचा टिंब शेवटच्या टोकाला.
शिरोरेषा तेवढी जिथल्या तिथं,
तिला उलटंसुलटं ठाऊक नाही.

रात्री बाहेरची पातळ फिल्म सोलली.
नारिंगी असा उजळला
की माझ्याच हातचा वाटेना.

वैशाखात जिनिंग बंद असते.
कापूस वाळवायच्या काँक्रीटवर
फाटक्या होजपाइपनं आखलेला ट्रॅक,
ऊन कललं की चाकांना पकड येते.
सात जण रिमोट धरून ट्रॉलीवर उभे,
माझाच पोपट त्यांच्या पायाशी.
गाड्या सुटल्या. पाय आपटलेल्या मुंग्यांसारखा आवाज नाही,
शिलाई मशीन खूप जोरात मारावी तसा.
बेडूक वळत होता. मी मान्य करतो.
तिसऱ्या वळणाला सगळे ब्रेक दाबत,
ही नुसता श्वास सोडल्यासारखी हळू होई.

पाचव्या फेरीत मागून कोणीतरी ठोकली.
गाडी टपावर पडली, घासत गेली
थेट प्रेसच्या भिंतीपर्यंत. माझ्या पोटात गोळा.
उचलून आणली तर टपावर पांढरे ओरखडे,
आणि नारिंगी आत तसाच, टवका नाही.
मी अंगठा फिरवत राहिलो.
चाकाला कापूस गुंडाळला होता, तो तिनं नखानं काढला,
गाडी ठेवली, निघाली.

चौथी आली. नंबरचा त्यात काही हात नाही.

बोनेटवाली मी मागून घेतली.
दुकानात खिळ्याला टांगली आहे, कोरीच.
संध्याकाळी तिच्यातून पलीकडचं बसस्टँड दिसतं,
जरा वाकडं.
तिला मी तीन हात देणार आहे.
रंग अजून ठरला नाही.